कोयरी, षटकोन आणि गुण्यात नसलेली भिंत

मला आकारांचं वेड लहानपणापासूनचं आहे, म्हणजे फुलं-वेली-मोर असलं काही नाही, सरळ त्रिकोण, चौकोन, षटकोन. कानात षटकोनी टॉप, चादर घ्यायची तर शंकरपाळ्याच्या चौकटीची, पडदे पट्ट्यांचे, आणि वहिनी म्हणते तसं आमच्या घरात आलं की कंपासपेटीत शिरल्यासारखं वाटतं. वाटू दे. दोन वर्षांपूर्वी अमळनेरला घराचं काम काढलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं की स्वयंपाकघरात षटकोनी टाइल बसणार म्हणजे बसणार. मग मिस्त्री आला, त्याने कोपऱ्यात गुण्या लावला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, भीत गुण्यामा नही शे."

गुण्या म्हणजे ते लोखंडी काटकोनाचं हत्यार. दोन भिंती जिथं भेटतात तिथं बरोबर नव्वद अंश भरले तर काम गुण्यात, नाहीतर नाही. आमची एक भिंत दहा फुटांत इंचभर सरकलेली निघाली, बांधणाऱ्याचं नाव काढत नाही, झालं ते झालं. डोळ्याला हे कळतसुद्धा नाही, पण सारख्या आकाराच्या टाइलांची ओळ भिंतीजवळ आली की एका टोकाला अख्खी टाइल बसते आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळी पाचर उरते, मग जन्मभर पोळ्या लाटताना तुमचं लक्ष त्या पाचरीकडेच.

मी म्हणलं खात्री करा, गुण्या छोटा आहे, चुकत असेल. तर त्याने दोरी काढली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. ते बरोबर पाच फूट आलं पाहिजे. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, बेरीज पंचवीस, आणि पाच पंचे पंचवीस, म्हणून पाच. आपण शाळेत हे पायथागोरसच्या नावाने घोकतो, पण यज्ञाच्या वेदी आखायला आपल्याकडे जी शुल्बसूत्रं लिहिली गेली त्यात बौधायनाने हीच गोष्ट सांगितलीये, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच मुळी दोरी. मिस्त्रीला यातलं काही सांगितलं नाही मी. त्याला दोरी माहिती होती, तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. षटकोनच का, पंचकोन का नाही, अष्टकोन का नाही? टाइलच्या दुकानात तुम्ही नीट बघितलं असेल तर सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेल्या टाइलांत तीनच आकार एकट्याने फरशी भरतात: त्रिकोण, चौकोन, षटकोन. कंपन्यांनी बाकीचे आकार आळसाने सोडलेले नाहीत, ते जमतच नाहीत. कारण एकदम साधं आहे, फरशीवरच्या कुठल्याही एका बिंदूवर बोट ठेवा, त्याच्याभोवती पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश. तिथं जितके कोपरे येऊन भेटतात त्यांची बेरीज ३६० झाली पाहिजे, कमी झाली तर फट, जास्त झाली तर टाइल एकमेकीवर चढणार. समभुज त्रिकोणाचा कोपरा ६० अंशांचा, असे सहा बसले. चौकोनाचा ९०, चार बसले. षटकोनाचा १२०, तीन बसले. पंचकोनाचा कोपरा १०८ अंशांचा, तीन ठेवले तर ३२४ होतात, ३६ अंशांची फट राहते आणि चौथा त्यात मावत नाही. षटकोनाच्या पुढे गेलात तर कोपरे इतके पसरट होतात की तीनसुद्धा बसत नाहीत. अष्टकोनाचा १३५, दोन ठेवले की २७०, उरले बरोबर ९०, म्हणून जुन्या घरांत अष्टकोनी फरश्यांच्या मध्ये तो बारका काळा चौकोन असतो. मला आधी वाटायचं की ती सजावट आहे. ती सजावट नंतर झाली, मुळात ते उरलेलं भोक बुजवलंय.

मधमाशीचं पण तेच. तिला भिंत कमीत कमी मेण लावून उभी करायचीये आणि मध जास्तीत जास्त ठेवायचाय. सारख्या क्षेत्रफळाचे कप्पे करायचे तर षटकोनी जाळीत भिंतीची एकूण लांबी सगळ्यात कमी लागते, हे माणसाला फार पूर्वीपासून वाटत होतं पण गणिताने पक्कं सिद्ध केलं टॉमस हेल्सने, तेही १९९९ साली. माशी तोपर्यंत थांबली नाही हे बरं झालं.

पंचकोनाची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही आणि मला ती फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते. सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला पंचकोन फरशी भरत नाही, पण वेडावाकडा पंचकोन, एक बाजू लांब, एक कोपरा अरुंद, असा घेतला तर? साधं उदाहरण म्हणजे चौकोनावर छप्पर काढलेलं लहान मुलांच्या चित्रातलं घर. अशी घरं शेजारी शेजारी एका ओळीत मांडा आणि दुसरी ओळ उलटी करून वरून छपरांच्या खाचांत बसवा, झाली फरशी. तर असे किती प्रकारचे पंचकोन चालतात यावर गणितवाले कित्येक वर्षं डोकं घालत होते. १९७५ साली अमेरिकेत सॅन दिएगोला मार्जोरी राइस नावाच्या गृहिणीने मुलासाठी घरी येणाऱ्या विज्ञानाच्या मासिकात मार्टिन गार्डनरचा याच्यावरचा लेख वाचला. शिक्षण शाळेपुरतं. बाईने स्वतःची खुणांची पद्धत बनवली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून आकृत्या काढायला लागली, कोणी आलं की पटकन झाकून ठेवायची. तिने एक नाही चार नवीन प्रकार शोधले. वॉशिंग्टनला गणितवाल्यांच्या संघटनेने आपल्या इमारतीच्या प्रवेशाच्या दालनात राइसबाईंनी शोधलेल्या प्रकाराची फरशी बसवली. पुढे २०१७ मध्ये मायकेल राओने कॉम्प्युटर लावून दाखवलं की बाहेर फुगलेल्या म्हणजे कुठेही खाच नसलेल्या पंचकोनांचे असे एकूण पंधराच प्रकार आहेत. मी हे आईला सांगितलं तर आई म्हणाली, "आणि तिच्या घरचं जेवण कोण करत होतं?" प्रश्न बरोबर आहे पण उत्तर माझ्याकडे नाही.

तर आमची फरशी. मिस्त्रीने सांगितलं की षटकोनात भिंतीकडेची प्रत्येक टाइल कापावी लागेल, कारण षटकोनांची कड करवतीसारखी येते आणि भिंत सरळ असते, त्यामुळे डबे जास्तीचे आणा. चौकोनी टाइल कापली तर उरलेला तुकडा दुसऱ्या टोकाला वापरता येतो, षटकोनाचा तिरका तुकडा बहुतेक वेळा फेकावा लागतो. हा खर्च कॅटलॉगमधल्या फोटोत दिसत नाही. कोणाला षटकोन लावायचे असतील तर माझं ऐका, सुरुवात दारासमोरून अख्ख्या टाइलने करा आणि कापाकापी फ्रिजच्या मागं ढकला.

फेकण्यावरून सोनं आठवलं.

खान्देशात सोन्याचा विषय निघाला की जळगावच्या सराफ बाजाराशिवाय पुढं सरकत नाही, आमच्याकडे तर लग्न ठरलं की हॉलच्या आधी जळगावची गाडी ठरते. आईचे जुने सात खड्यांचे टॉप आहेत, मधे एक खडा आणि भोवती सहा. मी लहानपणी विचारायची की सातच का, आठ का नाही, जास्त खडे जास्त छान. उत्तर खिशात आहे. एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवा आणि त्याच्याभोवती तसलीच नाणी चिकटवून लावा. बरोबर सहा बसतात, ना फट ना दाटी. कारण मधलं नाणं आणि शेजारची कुठलीही दोन नाणी यांचे मध्य जोडले की समभुज त्रिकोण होतो, त्याचा कोपरा ६० अंशांचा, आणि साठचे सहा म्हणजे ३६०. तेच गणित, फरशीवरचं कानात आलं. सारखेच खडे वापरायचे असतील आणि मधे सोन्याचा पत्रा दिसू द्यायचा नसेल तर सहाशिवाय पर्याय नाही. आठ लावायचे तर मधला खडा मोठा घ्यावा लागतो.

आता गोल चकतीतून आकार कापायचा असला तर किती जातं? गोलात मोठ्यात मोठा चौकोन बसवला की साधारण ३६ टक्के बाहेर राहतं, षटकोन बसवला तर जेमतेम १७ टक्के. सोनाराला याचं दुःख नाही, त्याची कात्रण परत मुशीत जाते, टाइलवाल्याची उकिरड्यावर. पण आकाराचं माप कसं काढायचं हा प्रश्न सोनारालाही असतोच, आणि इथं आमच्या खान्देशाला थोडा भाव खाऊ द्या. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, बरेच जण श्रावणात किंवा नवरात्रात दर्शनाला जातात, धबधबा बघतात आणि परत येतात. तिथल्या पाटण गावात भाऊ दाजी लाडांना एक शिलालेख सापडला होता, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या चांगदेव ज्योतिषाने मठ काढल्याचा, आणि मठ कशासाठी तर आपल्या आज्याचे म्हणजे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला. जन्मगावावरून भांडणारे भांडोत, आजोबांचं गणित शिकवायला नातवाने शाळा आमच्या डोंगरात काढली हे दगडात कोरलेलं आहे.

त्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत एक कोष्टक आहे. १,२०,००० व्यासाचा गोल धरलाय, आणि त्यात बसणाऱ्या आकृत्यांच्या बाजू दिल्यात. त्रिकोणाची १,०३,९२३, चौकोनाची ८४,८५३, आणि षटकोनाची बरोबर ६०,०००, म्हणजे व्यासाच्या निम्मी. पुढे नवकोनापर्यंत आकडे आहेत. एवढा मोठा व्यास का घेतला तर दशांश चिन्ह न वापरता बारीक उत्तर मिळावं म्हणून. आता हे सराफाच्या भाषेत आणा: बारा मिलिमीटरच्या चकतीतून चौकोनी पेंडंट काढायचं तर बाजू जवळपास साडेआठ मिलिमीटर येणार, षटकोनी काढायचं तर सहा. षटकोनाचं तर आपण सगळ्यांनी पाचवी-सहावीत केलंय, कंपासने गोल काढायचा आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून कडेवर खुणा करत जायचं, सातवी खूण बरोबर पहिलीवर येते. मला त्या वेळी जो आनंद झाला होता तो अजून उतरलेला नाही बहुतेक.

हिऱ्याचं आकारप्रेम वेगळं आहे, तिथं कोन चुकला तर चमकच जाते. आमच्याकडची किती घरं सुरतेला गेलीत, त्यातले काही जण हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू घासायच्या चाकावर, बसतात, त्यांना हे हाताने कळतं. गोल ब्रिलियंट नावाचा जो नेहमीचा कट आहे त्याला ५७ पैलू, खाली टोकावर एक बारका सपाट पैलू ठेवला तर ५८. उजेड वरून आत जातो, खालच्या उतारावर आदळतो, आणि पैलूवर उभी काडी धरली असं समजलं तर त्या काडीपासून साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला की बाहेर न जाता पूर्णच्या पूर्ण आत परततो, समोरच्या उतारावर आपटतो आणि वरून तुमच्या डोळ्यात. खालचा भाग पसरट ठेवला किंवा फार खोल केला तर उजेड खालून नाहीतर बाजूने निसटतो आणि हिरा मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये हे कोन मांडून दाखवले, खालचा उतार पावणेएकेचाळीस अंशांच्या आसपास. चौकोनी हिऱ्याचे कोपरे बऱ्याचदा छाटलेले असतात ते फॅशन म्हणून असं लोकांना वाटतं, पण टोकदार कोपऱ्याचा टवका उडतो हे आधीचं कारण.

बरं, आता साड्या. खरं तर मला लिहायचं होतं ते हेच, बाकी सगळं वाटेत आलं.

साडीच्या काठावर, पाटलीवर, दाराच्या चौकटीवर, टाइलच्या बॉर्डरवर, जिथं जिथं नक्षी एका पट्टीत पुन्हा पुन्हा येते तिथं ती पुन्हा येण्याचे फक्त सात प्रकार असू शकतात. सात. जगात कुठेही जा, पैठणी असो, अजिंठ्याच्या छतावरचे पट्टे असोत नाहीतर मातीच्या माठावरची रेघ. फूल कुठलं, रंग कोणता, धागा कसला याला अंत नाही, पण त्या फुलाने पुढची जागा कशी घ्यायची याचे प्रकार मोजून सात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खोटंच वाटलं होतं.

तुम्ही पण करून बघा. जाड कागदाची एक कोयरी कापा, आंब्याच्या आकाराची, शेंडा एका बाजूला वळलेला. पुढची बाजू लाल रंगवा, मागची पांढरी ठेवा. आता एक पट्टी घ्या आणि कोयरी ठेवून गिरवत जा. पहिला प्रकार, नुसती सरकवा, सगळ्या लाल, सगळे शेंडे एकीकडे, ही झाली लंगडी, एकाच पायाचे ठसे. दुसरा, एक लाल आणि शेजारी उलटी करून पांढरी, दोघी समोरासमोर, विहिणींसारख्या, मग पुढची जोडी तशीच. तिसरा, वर लाल आणि तिच्या खाली तिची पाण्यातली सावली. चौथा, वर लाल, मग थोडं पुढे सरकून खाली पांढरी, परत पुढे वर लाल, ही झाली चाल, ओल्या पायाने अंगणातून चालत गेल्यावर डावा-उजवा उमटतो तशी. पाचवा, लाल कोयरी, आणि पुढची पण लालच पण अर्धा फेरा फिरवून डोक्यावर उभी. चौथ्या आणि पाचव्यात लोक गोंधळतात, त्यासाठीच तर रंग दिलाय: पांढरी बाजू वर आली की आरसा, लाल राहिली की नुसता फेरा. सहावा, समोरासमोरची जोडी आणि तिच्यापुढे तीच जोडी डोक्यावर उभी. सातवा, चार कोयऱ्या एकत्र, डावीकडे-उजवीकडे आरसा, वर-खाली आरसा, सगळंच.

आठवा का नाही? कारण पट्टीला लांबी आहे आणि रुंदी आहे, आणि ती पट्टी जागच्या जागी राहिली पाहिजे. अर्ध्या फेऱ्याऐवजी पाव फेरा दिला तर पट्टी आडवीची उभी होते, म्हणजे काठ पदरावरून थेट छतात जाईल. त्यामुळे हातात मोजक्याच चाली उरतात, सरकवणं, उभा आरसा, आडवा आरसा, अर्धा फेरा, आणि सरकून-उलटणं. आणि या चाली एकमेकींत अडकलेल्या आहेत, उभा आरसा आणि आडवा आरसा दोन्ही घेतले की अर्धा फेरा फुकट येतो, तुम्हाला नको असला तरी. सरकून-उलटणं आणि उभा आरसा घेतला तरी तेच. म्हणून मनात येईल ती जोडी करता येत नाही, आणि सगळ्या शक्यता तपासल्या की सातवर काटा थांबतो.

मग मी आणि आईने एका दुपारी ट्रंक काढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते, उकाडा असा की पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि आम्ही दोघी डांबराच्या गोळ्यांच्या वासात काठ मोजत बसलो. उभ्या त्रिकोणांचा देवळासारखा काठ लगेच सापडला, तो दुसरा प्रकार, प्रत्येक त्रिकोणाच्या मधोमध आरसा. एका सुती साडीवर कोयऱ्यांची लंगडी. शंकरपाळ्यांची ओळ म्हणजे सातवा, त्या तर चार साड्यांवर निघाल्या. नागमोडी रेघ सहावा. आईच्या पिळाच्या बांगडीवर पाचवा, दोरीचा पीळ उलटा धरला तरी तसाच दिसतो, पण आरशात बघितला तर पिळाची दिशा बदलते, हे आईने स्वतः आरशासमोर बांगडी धरून बघितलं आणि मग तिला विषयात जरा रस आला. गव्हाच्या ओंबीसारखी, एकामागे एक बाण लावल्यासारखी किनार तिसरा. चौथा काही केल्या मिळेना. एका ब्लाउजपीसवर वेल होती, एक पान वर एक पान खाली, आम्ही खूष झालो, पण नीट बघितलं तर प्रत्येक पान स्वतः सरळ, दोन्हीकडून सारखं, त्यामुळे तिथं आरसा शिरला आणि ती सहाव्यात गेली. संध्याकाळ झाली, सगळ्या साड्या परत घड्या करून ठेवाव्या लागल्या, आणि ते काम कोणी केलं हे सांगत नाही.

पट्टीचं झालं, मग अख्ख्या कापडाचं, भिंतीच्या वॉलपेपरचं, फरशीचं काय? तिथं नक्षी दोन्हीकडे पसरते म्हणून प्रकार जास्त, ते सतरा आहेत. रशियाच्या फेडोरोव्हने १८९१ मध्ये स्फटिकांचा अभ्यास करताना ते सिद्ध केलं. तिथं फेरा दोनात, तीनात, चारात किंवा सहात मोडू शकतो, पाचात नाही, परत तोच पंचकोनाचा अडथळा. सतराच्या सतरा इथं सांगत बसले तर तुम्ही पळून जाल, पण एक ओळखायला सोपं आहे, बाज. काथ्याने विणलेल्या बाजेवर ते एकात एक शंकरपाळे पडतात ना, ते उभे-आडवे दोन्ही आरसे घेऊन बसलेले असतात.

कापडाचा अजून एक खेळ आहे, तो विणीतच आहे. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा, दोन्ही काटकोनात, म्हणजे कापड हीच मुळात बारक्या चौकोनांची फरशी. चार काड्या टोकाला खिळे मारून चौकोन करा आणि दाबा, तो लगेच तिरका होऊन शंकरपाळं होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, हलत नाही. म्हणून पत्र्याच्या शेडला खालून त्रिकोणांची कैची लावतात, चौकोनांची लावली तर वादळात सगळं आडवं. आणि म्हणूनच कापड सरळ धाग्यात ओढलं तर ताणत नाही पण तिरकं ओढलं तर लांबतं, कारण प्रत्येक बारका चौकोन शंकरपाळं होतो. ब्लाउजच्या गळ्याला टेलर तिरकी पट्टी लावतात ती यासाठी, सरळ पट्टी गोल गळ्यावर चुण्या पाडते. पॅरिसच्या मादलेन व्हियोने नावाच्या बाईने १९२०च्या दशकात अख्खे ड्रेसच तिरक्या कापडात बेतले आणि ते अंगावर पाण्यासारखे ओघळायचे. जो दुबळेपणा शेडला नको तोच झग्याला हवा.

पट्ट्यांबद्दल तर सगळ्यांचं ठाम मत असतं, जाड बाईने आडव्या पट्ट्या घालू नयेत, उभ्या घालाव्यात. माझी मावशी हे दर लग्नात सांगते. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच दाखवलं होतं की सारख्याच दोन चौकोनांत एकात आडव्या रेघा भरल्या तर तो उंच दिसतो आणि उभ्या भरल्या तर रुंद. उलटंच! २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्प्सनने बायकांच्या चित्रांवर हे तपासलं आणि आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसत नाही असंच निघालं. अंगावरचं कापड सपाट नसतं, पट्ट्यांची जाडी, रंग, बेत सगळ्याने फरक पडतो, त्यामुळे मी काही आडव्या पट्ट्यांचा प्रचार करत नाहीये. पण मावशीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "इंग्लंडमधल्या बायका मुळात बारीकच असतील."

असो. दिवाळीला आई आमच्याकडे होती. नवीन घरातली पहिली दिवाळी, म्हणून अंगणात ठिपक्यांची मोठी रांगोळी ठरली, पंधरा ते आठ. ज्यांनी काढलीये त्यांना माहितीये, मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली अर्ध्यावर सरकवत चौदा, तेरा, असं आठपर्यंत. ठिपके अर्ध्यावर सरकले की प्रत्येकाभोवती सहा शेजारी येतात, सात खड्यांच्या टॉपसारखे, आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा षटकोन उभा राहतो. एकूण ठिपके १६९, म्हणजे तेराचा वर्ग, पण तेरा बाय तेराचा चौकोन त्यात कुठेच नाही, हे मला गंमतशीर वाटतं आणि घरात दुसऱ्या कोणालाच वाटत नाही.

मी ठिपके मोजत होते तेव्हा आई उंबऱ्यापासून आत पावलं काढत होती, तिची पद्धत जुनी, पिठाच्या पाण्यात मूठ बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची, डावी मूठ, मग जरा पुढे उजवी मूठ, आणि वरून बोटाने पाच ठिपके. दोन पावलं झाली आणि ती थांबली आणि मला हाक मारली, "इकडे ये, तुझा तो चौथा हा बघ." बरोबर होतं. डावा, सरकून उजवा, सरकून डावा. ट्रंक उलटीपालटी करून जो मिळाला नाही तो ती दर वर्षी उंबऱ्यावर काढत होती.

मग फोन आला म्हणून ती आत गेली आणि उरलेली पावलं भाचीला काढायला सांगितली. भाचीच्या एका हातात मोबाइल होता. परत येऊन बघतो तर देवघरापर्यंतची सगळीच्या सगळी पावलं उजव्या मुठीची, लक्ष्मी दोन पावलं नीट चालली होती आणि तिथून पुढे देवापर्यंत लंगडी घालत गेली होती.